बोर्निओच्या जंगलातला लोकसंगीत महोत्सव: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

परदेशात पहिल्यांदाच एखादा उघड्यावरचा लोकसंगीत महोत्सव गाठायचा असेल तर कुठे जावं, असं कुणी विचारलं की मी सारावाकचं नाव घेते. युरोपातल्या महोत्सवांची ख्याती मोठी, पण तिथे आधी व्हिसाच्या तारखेमागे धावायचं, मग मैदानात तंबू ठोकायचा आणि ऐन उन्हाळ्यात स्वेटर घालून गाणं ऐकायचं. सारावाकला यातलं काही नाही. व्हिसा नको, तंबू नको, हवा आपल्या कोकणातली, आणि भात तीन्ही त्रिकाळ.

सारावाक हे मलेशियाचं राज्य बोर्निओ बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर आहे. राजधानी कुचिंग. तिथून साधारण ३५ किलोमीटरवर, ८१० मीटर उंचीच्या सांतुबोंग डोंगराच्या पायथ्याशी सारावाक कल्चरल व्हिलेज नावाचं एक उघडं संग्रहालय आहे. तळ्याच्या काठाने फिरत जायचं आणि वाटेत इबान, बिदायुह, ओरांग उलू, मेलानाउ, पेनान, मलाय, चिनी अशा तिथल्या समाजांची खरीखुरी बांधलेली घरं पाहायची. याच जागेत १९९८ पासून रेनफॉरेस्ट वर्ल्ड म्युझिक फेस्टिव्हल भरतो. आयोजक तिथलं राज्य पर्यटन मंडळ. शुक्रवार ते रविवार असे तीन दिवस, स्थानिक वादकांच्या जोडीला जगभरातले लोककलावंत.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचा सगळा बेत तिच्यावरच उभा आहे. पोस्टरवर दिसतो तो रात्रीचा मोठा मंच, रंगीत दिवे, हात वर केलेली गर्दी. ते छानच असतं. पण तसं रात्रीचं दृश्य जगात कुठेही मिळेल. या महोत्सवाचं खास असं जे काही आहे ते दुपारी, त्या लाकडी घरांच्या आत घडतं. नवखे लोक सकाळी कुचिंगमध्ये मांजरांच्या पुतळ्यांबरोबर फोटो काढतात, दुपारी झोपतात आणि संध्याकाळी सहाला दारात हजर होतात. तोवर निम्मा महोत्सव संपलेला असतो. म्हणून राहायची जागा, जेवण, झोप, चपला, सगळं ठरवताना स्वतःला एकच विचारा: यामुळे मी दुपारी वेळेवर पोहोचेन का?

आधी रजा, मग तिकीट

पूर्वी महोत्सव जुलैत असायचा, अलीकडे तो जूनच्या उत्तरार्धात भरतो. तारखा अधिकृत संकेतस्थळावर बऱ्याच आधी जाहीर होतात. आपल्याकडच्या घरांना यात एक अडचण: महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. नव्या इयत्तेच्या पहिल्याच आठवड्यात मुलांची दांडी पडणार हे गृहीत धरा, वर्गशिक्षिकेला आधीच सांगून ठेवा, नाहीतर मुलांना आजीकडे सोडून जा.

दुसरी अडचण पावसाची, तीही आपल्याच पावसाची. जूनच्या शेवटी मुंबईत मुसळधार लागली की विमानं तासन्‌तास उशिरा सुटतात, आणि पुणेकरांना तर आधी विमानतळ गाठण्याचीच चिंता. त्यामुळे शुक्रवारच्या पहाटेचं विमान धरून त्याच दुपारी महोत्सवाला पोहोचायचा बेत कागदावर कितीही सुंदर दिसला तरी करू नका. बुधवारी निघा, गुरुवार कुचिंगमध्ये घालवा.

प्रवेशाची तिकिटं ऑनलाइन मिळतात: एका दिवसाचं आणि तीन दिवसांचा पास. लवकर घेतलं तर स्वस्त. वेळ कमी असेल तर शनिवार-रविवार पुरे. शनिवारी गर्दी जास्त असते. मला विचाराल तर रविवारची दुपार चुकवू नये. तोपर्यंत कलावंतांची एकमेकांशी ओळख झालेली असते आणि ते मोकळे होऊन वाजवतात.

विमान आणि कागदपत्रं

मुंबईहून क्वालालंपूर साधारण पाच तास, तिथून कुचिंग पावणेदोन तास. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घेतले तर पहिल्या विमानाला उशीर झाल्यास पुढची सोय करणं कंपनीच्या गळ्यात पडतं. वेगवेगळी तिकिटं स्वस्त पडतात, पण मग मध्ये किमान चार-पाच तास ठेवा. क्वालालंपूरच्या विमानतळाची दोन टर्मिनलं एकमेकांपासून लांब आहेत. चालत जाता येत नाही, ट्रेन किंवा बस घ्यावी लागते. ट्रेनचा प्रवास तीनेक मिनिटांचाच, पण बॅगा, रांगा आणि फलाट शोधणं मिळून पाऊण तास कुठे जातो कळत नाही.

सिंगापूरमार्गेही कुचिंगला जाता येतं. मात्र तिकिटं वेगळी असतील आणि मध्ये सामान उचलून पुन्हा द्यायचं असेल, तर तुम्हाला सिंगापूरमध्ये प्रवेश करावा लागतो, आणि भारतीय पासपोर्टला त्यासाठी व्हिसा लागतो. शिवाय त्या वाटेने जाताना खसखस आणि खसखस लावलेले अनारसे घरीच ठेवा. तिथे खसखशीकडे अमली पदार्थांच्या कायद्याच्या नजरेतून पाहिलं जातं.

मलेशियासाठी भारतीय पासपोर्टवर ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत १ डिसेंबर २०२३ ला सुरू झाली आणि ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे. त्यानंतर जाणार असाल तर पैसे भरण्याआधी मलेशियन दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करून घ्या. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त हवी. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून जवळ ठेवा. काउंटरवर विचारलं तर मोबाइल चाचपडत बसायला नको. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी संकेतस्थळं शोधयादीत सगळ्यात वर दिसतात, त्यांच्या नादी लागू नका. थेट इमिग्रेशन खात्याचंच पान उघडा.

आता गंमत. क्वालालंपूरहून कुचिंगला जाणारं विमान देशांतर्गत असूनही उतरल्यावर पुन्हा इमिग्रेशनची रांग असते. मलेशिया १९६३ मध्ये संघराज्य म्हणून उभं राहिलं तेव्हा सारावाक आणि सबा या दोन राज्यांनी कुणाला आत घ्यायचं याचा अधिकार स्वतःकडे राखला. त्यामुळे पश्चिम मलेशियातल्या मलेशियन माणसालाही इथे ओळखपत्र दाखवावं लागतं, आपल्याला तर पासपोर्टच. तेव्हा ‘आता काय, आतल्याआत उडायचंय’ म्हणून पासपोर्ट चेक-इनच्या बॅगेत टाकू नका.

राहायचं कुठे

दोन पर्याय. एक, महोत्सवाच्या जागेजवळ दमाई किनाऱ्यावरची रिसॉर्टं. चालत किंवा पाच मिनिटांच्या गाडीने आत, दुपारी भिजलात तर कपडे बदलून परत येता येतं, रात्री बसची घाई नाही. पण खोल्या मोजक्या, महोत्सवाच्या दिवसांत महाग, आणि महिनोन्‌महिने आधी भरतात. जेवायला रिसॉर्ट सोडून फारसं काही नाही.

दुसरा, कुचिंग शहर. पाऊण तासाचा रस्ता, पण नदीकाठ, बाजार, खाणावळी, औषधाची दुकानं सगळं हाताशी. महोत्सवाच्या दिवसांत शहरातून जागेपर्यंत बसगाड्या सोडतात. थांबे आणि वेळा त्या वर्षीच्या वेळापत्रकात पाहून ठेवा आणि शेवटच्या परतीच्या बसची वेळ फोनवर नाही, कागदावर लिहा. मध्यरात्री कार्यक्रम संपला की सगळेच एकदम ग्रॅब या टॅक्सीच्या ॲपवर गाडी शोधायला लागतात, नेटवर्क मंदावतं आणि भाडं चढतं.

साठीच्या पुढचं कुणी बरोबर असेल किंवा लहान मूल असेल तर खर्च सोसून दमाई. बाकीच्यांनी कुचिंग. नदीकाठाच्या आसपास खोली घेतली की रात्री परतल्यावर चहा मिळायची शक्यता तरी राहते.

बॅगेत काय

कुचिंगला वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मुंबईच्या सरासरीच्या दीडपटीहून जास्त. जून त्यातल्या त्यात कोरडा, पण दुपारी उन्हाचा चटका आणि संध्याकाळी विजांसह सर असं चालूच असतं. विषुववृत्त जवळ असल्यामुळे तिन्हीसांजेचा वेळही फार थोडा. सूर्य टेकला की बघता बघता काळोख होतो.

तेव्हा डोक्यावरून घालायचा पातळ रेनकोट घ्या. छत्री घरी ठेवा. गर्दीत छत्री उघडली की मागच्या दहाजणांचा मंच झाकतो, आणि लोक ते ऐकवतात. पायात पट्ट्याचे फ्लोटर्स. बूट नकोत, कारण घरांमध्ये शिरताना ते दर वेळी काढावे लागतात, आणि ओले मोजे पुन्हा चढवणं हा एक वेगळाच छळ आहे. साध्या रबरी चपलाही नकोत, चिखलात त्या पायातून सुटून मागे राहतात. सुती जीन्स भिजली की दिवसभर सुकत नाही. पातळ, लवकर वाळणारे कपडे, एक जादा टीशर्ट, पंचा. पंचा म्हणजे पंचाच, जाड टॉवेल नव्हे.

डासांचं मलम अंगाला लावूनच निघा. तिथे डेंग्यू आहे, आणि दमाईच्या वाळूत चावणाऱ्या बारीक माश्याही आहेत. ओआरएसची पाकिटं, कानात घालायचे बोळे, बसायला हलकी प्लास्टिकची चटई, आणि फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच ठेवावी लागते. तिथले प्लग तीन चौकोनी पायांचे, ब्रिटिश पद्धतीचे. आपला चार्जर थेट बसत नाही. क्वालालंपूरच्या विमानतळावर घेतलेलं सिम कार्ड सारावाकमध्येही चालतं.

नेहमीची औषधं चिठ्ठीसकट, मूळ पाकिटात ठेवा. अमली पदार्थांच्या बाबतीत मलेशियाचा कायदा अतिशय कडक आहे. महोत्सव, तरुण मंडळी, मोकळं वातावरण, सगळं खरं. पण कुणी काहीही देऊ केलं तरी हात लावायचा नाही, आणि अनोळखी माणसाची पिशवी ‘जरा धरा’ म्हटलं तरी धरायची नाही.

जेवणाचं काय

मांसाहारी असाल तर हा भाग सोडून द्या आणि कुचिंगच्या कुठल्याही टपरीवर जाऊन बसा. युनेस्कोने २०२१ मध्ये या शहराला खाद्यसंस्कृतीसाठी सर्जनशील शहरांच्या यादीत घेतलं, ते उगीच नाही. सकाळी सारावाक लाक्सा म्हणजे मसालेदार रश्शातल्या शेवया, दुपारी कोलो मी म्हणजे कोरड्या नूडल्स, संध्याकाळी भाजलेले मासे. फक्त चिनी दुकानातल्या कोलो मीमध्ये डुकराची चरबी असते, हे ठाऊक असू द्या.

शाकाहाऱ्यांची खरी अडचण मांसाची नाही, ते ताटात दिसतं. अडचण आहे बलाचानची. आंबवलेल्या जवळ्याचा हा गोळा तिथे भाजीत, चटणीत, रश्शात सगळीकडे पडतो. मिदिन नावाची जंगली नेच्याची कोवळी भाजी आहे, कुरकुरीत आणि अप्रतिम. ती बलाचान घालून परततात, तशी लसूण घालूनही परततात, पण ते सांगावं लागतं. एवढं पाठ करा: ‘ताक माहु बलाचान’, म्हणजे बलाचान नको. आणि ‘साया ताक माकान दागिंग, आयाम, इकान, उदांग’, म्हणजे मी मांस, कोंबडी, मासे, कोळंबी खात नाही. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं तर वरचे मासे बाजूला करून रस्सा तोच येतो.

भारतीय मुसलमानांच्या हॉटेलात रोती चनाइ मिळते. आपल्या परोठ्याची बहीणच, पापुद्रे सुटलेली. बरोबर डाळ देतात, पण त्यात कधी कधी माशाचं कालवण पळीभर ओततात, म्हणून आधीच नुसती डाळ मागा. चिनी बौद्धांची शाकाहारी दुकानं कुचिंगमध्ये आहेत. त्यांच्यापैकी बरेच कांदा-लसूणही टाळतात, त्यामुळे जैन मंडळींची तिथे उत्तम सोय होते. कोंबडीसारखं दिसणारं काही ताटात आलं तर दचकू नका, ते सोयाचं असतं.

महोत्सवाच्या आत खाण्याचे ठेले भरपूर असतात, पण संध्याकाळी सातच्या पुढे रांगा लांबतात. सहालाच जेवून घ्या. बाहेरचं खाणं आत नेऊ देतात की नाही, हे त्या वर्षीच्या नियमांत बघा. हॉटेलवर मात्र भडंग, दशम्या, मेतकूट असं कोरडं काही असू द्या. रात्री एक वाजता परतल्यावर भूक लागते, आणि तेव्हा मेतकूट-भाताला तोड नाही; शिजलेला भात कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. रोख रिंगिट, म्हणजे तिथलं चलन, आणि कार्ड दोन्ही जवळ ठेवा.

दुपार

कार्यशाळा असा शब्द वेळापत्रकात दिसेल. घाबरू नका, काही शिकायचं नसतं आणि वही-पेन लागत नाही. एका घरात एक विषय ठरवलेला असतो: तंतुवाद्यं, ढोल, फुंकून वाजवायची वाद्यं, कधी नुसते आवाज. त्या विषयाचे चार-पाच देशांतले कलावंत एकत्र बसवतात. तालीम झालेली नसते, पुष्कळदा एकमेकांची भाषाही येत नसते. प्रत्येक जण आपलं वाद्य दाखवतो, थोडं वाजवतो, आणि शेवटी सगळे मिळून काहीतरी जमवायचा प्रयत्न करतात. कधी जमतं, कधी नाही. जमत नाही तेव्हाही मजा येते, कारण जाणकार वादक दुसऱ्याचा ताल पकडण्यासाठी काय करतो ते तुम्ही दोन हातांवरून बघत असता.

हे होतं त्या जागा लहान आहेत. इबानांचं लाँगहाउस म्हणजे खांबांवर उचललेलं लांबच लांब घर. आत एका बाजूला कुटुंबांच्या खोल्या आणि दुसऱ्या बाजूला सगळ्यांची मिळून एक पडवी. चपला बाहेर काढायच्या, चटईवर मांडी घालून बसायचं. आपल्याला ते सवयीचं. सवाई गंधर्वला भारतीय बैठकीवर रात्री काढलेल्यांना तर काहीच वाटणार नाही. युरोपीय पाहुणे मात्र दहा मिनिटांत चुळबुळायला लागतात आणि पुढची जागा रिकामी होते. ती पटकन धरा. कार्यक्रमाच्या वीस मिनिटं आधी जा, नाहीतर पायऱ्यांवर उभं राहून आतलं ऐकावं लागतं.

एकच वाद्य बघायचं ठरवलंत तर सापे बघा. नद्यांच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या केन्या, कायान वगैरे समाजांना मिळून ओरांग उलू म्हणतात, त्यांचं हे वाद्य. एका अखंड लाकडातून होडीच्या आकारात कोरलेलं, पाठीमागून पोकळ, वर वेलबुट्टीची रंगीत नक्षी, लांबी मीटरच्या आसपास. पूर्वी दोन तारा असत, आता तीन-चार किंवा जास्तही लावतात. सुरावट एका तारेवर फिरते आणि बाकीच्या तारा आधारस्वर धरून ठेवतात. जवळून बघण्यासारखं म्हणजे त्याचे पडदे. जुन्या पद्धतीच्या सापेवर ते खिळ्यांनी ठोकलेले नसतात, मेणाने चिकटवलेले असतात. वाजवण्याआधी वादक एखादा पडदा अंगठ्याने दाबून केसभर सरकवतो, तार छेडतो, पुन्हा सरकवतो. सतारीचे पडदे सरकवताना पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. एकेकाळी सापे आजारी माणसासाठी केल्या जाणाऱ्या विधींत वाजवत, आणि त्याचा आवाज अजूनही मोठ्या मंचापेक्षा छपराखालीच जास्त खुलतो. रात्रीच्या मंचावर तोच वादक आला तर ध्वनिवर्धकातून सूर पोहोचतात, पण अंगठा दिसत नाही.

बिदायुहांच्या घराकडेही फिरकून या. त्यांचं प्रातुओक नावाचं बांबूचं वाद्य आहे. त्याच्या तारा बाहेरून लावलेल्या नसतात, बांबूचीच साल चिरून, उचलून ताणलेल्या असतात. इबानांकडे लहान घंटांसारख्या गोंगांची ओळ असते, एंगकेरुमोंग म्हणतात तिला, आणि तिच्यावर ङाजात नाच होतो. नाच बघताना कुणी हात धरून ओढलं तर उठा. येत नाही म्हणून बसून राहिलात तर उलट जास्त लोक तुमच्याकडे बघतात.

दुपारी एकाच वेळी तीन-चार ठिकाणी काही ना काही चाललेलं असतं. सगळं बघायचा हट्ट केलात तर फक्त पळापळ होईल. मी दोन गोष्टी निवडते आणि मधला वेळ तळ्याकाठी मोकळा ठेवते. वातानुकूलित नाट्यगृहातही काही कार्यक्रम असतात. ऊन असह्य झालं की ज्येष्ठांना तिथे बसवा.

वागण्याच्या दोन-चार गोष्टी

कुणाकडे किंवा कशाकडे दाखवताना तर्जनी रोखू नका. तिथले लोक मूठ मिटून अंगठ्याने दाखवतात. फोटो काढण्याआधी खुणेने विचारा. वाद्याला न विचारता हात लावू नका. हे आपल्याकडे वेगळं सांगावं लागत नाही, पण सुट्टीवर गेलं की भले भले विसरतात.

तांदळाची दारू, तुआक, घराघरांत प्याल्यातून पुढे केली जाते. गोडसर लागते आणि उन्हात पटकन चढते. घेत नसाल तर तोंड वाकडं करून मागे ढकलू नका. तिथल्या समजुतीप्रमाणे समोर आलेलं खाणं-पिणं साफ नाकारून निघालं की वाटेत अपघात किंवा साप-विंचवाचं संकट येतं. त्यावर त्यांचीच तोड आहे: पदार्थाला किंवा प्याल्याला बोट लावायचं, बोट ओठांना लावायचं आणि हसून ‘तरिमा कासिह’ म्हणायचं. झालं. वारकरी असा की उपवासाला असा, कुणी आग्रह करत नाही.

एक सूचना संगीताशी संबंध नसलेली: सांतुबोंगच्या नदीत आणि खाडीत मगरी आहेत. पाण्याशी फोटो काढायचाच असेल तर काठावरून काढा.

रात्र

मोठे मंच दोन, शेजारी शेजारी. एकावर वादन चालू असताना दुसऱ्यावर पुढच्या कलावंतांची जुळवाजुळव होते, त्यामुळे मध्ये खंड पडत नाही. जाणते लोक अगदी पुढे घुसत नाहीत. दोन्ही मंचांच्या मधोमध, ध्वनी सांभाळणाऱ्यांच्या कक्षाच्या आसपास उभे राहतात. आवाज तिथे सगळ्यात नीट ऐकू येतो. पाऊस आला तर लोक पळत नाहीत, उलट नाचायला पुढे येतात आणि हिरवळीचा चिखल होतो. विजा फार जवळ आल्या तर कार्यक्रम थांबवतात. तेव्हा झाडाखाली उभे राहू नका, छपराखाली या.

बरोबर चारजण असाल तर चुकामूक झाल्यावर कुठे भेटायचं ते उजेड असतानाच ठरवा. फोनवर विसंबू नका. लहान मुलांच्या कानांवर आवाज कमी करणारे हेडफोन लावा आणि दहाच्या आत त्यांना खोलीवर न्या. ज्येष्ठांसाठी सगळ्यात धोक्याचे म्हणजे घरांचे जिने. काही घरांना खाचा पाडलेल्या ओंडक्याचीच शिडी असते, आणि पावसात ती आणि लाकडी पायवाट दोन्ही बुळबुळीत होतात. दुसरा सोपा जिना आहे का ते विचारा, बहुतेक ठिकाणी असतो.

सोमवार आणि परतीचं सामान

महोत्सवाच्या आधी किंवा नंतर एक दिवस हाताशी असेल तर सेमेंगोहच्या वन्यजीव केंद्रात जाऊन ओरांगउटान वानर बघा. सकाळी नऊ आणि दुपारी तीन या त्यांच्या खाण्याच्या वेळा. जंगलात फळं भरपूर असली तर ते येत नाहीत, तिकीट मात्र तेवढंच. पाऊस असेल तर शहरातलं बोर्निओ कल्चर्स म्युझियम, २०२२ मध्ये उघडलेलं. खरं तर ते गुरुवारीच पाहिलंत तर शुक्रवारी कुठलं घर कुणाचं हे आपसूक कळतं.

खरेदीत काळी मिरी घ्या, सारावाकची मिरी नावाजलेली आहे. केक लापिस नावाचा रंगीत थरांचा केक टिकतो बरा, पण त्यात अंडी भरपूर. इबान बायकांनी विणलेली पुआ कुंबू कापडं महाग वाटतील. घासाघीस करण्याआधी एका कापडाला किती महिने लागतात ते विणणारीला विचारा. धनेशाची पिसं, प्राण्यांचे दात, नखं असलेलं काहीही घेऊ नका. तो संरक्षित पक्षी आहे आणि विमानतळावर प्रकरण अंगाशी येतं. पूर्ण आकाराचा सापे घेतलात तर तो हातातल्या सामानात मावत नाही. कडक पेटी, विमान कंपनीची आधी परवानगी आणि विकणाऱ्याचं बिल, तिन्ही हवं. नाहीतर छोटा सापे घ्या. तो वाजतोही, फक्त आवाज बारीक.

परतीचं विमान सोमवारी दुपारनंतरचं घ्या. रविवारचा कार्यक्रम मध्यरात्रीपर्यंत चालतो आणि सकाळच्या विमानांना अर्धा महोत्सव रांगेत उभा असतो. कुचिंगहून निघतानाही इमिग्रेशनची रांग आहे, तिच्यासाठी अर्धा-पाऊण तास जास्तीचा धरा. मळलेले फ्लोटर्स आदल्या रात्रीच धुऊन पंख्याखाली ठेवा. ओल्या चिखलासकट बॅगेत गेले तर घरी पोहोचेपर्यंत सगळ्या कपड्यांना वास लागतो.